जुन्या गाडीचे दिवे: बल्ब बदलण्याआधी बिघाड कसा शोधायचा

जुन्या गाडीचा एखादा दिवा बंद पडला की ठरलेला क्रम सुरू होतो. आधी नवा बल्ब, मग नवा फ्यूज, मग स्विच, आणि शेवटी कोणीतरी बॅटरीपासून सरळ एक नवी वायर ओढून देतं. दिवा लागतो, पण मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि वायरिंगमध्ये आणखी एक अनोळखी वायर वाढते. अशा दोन-चार दुरुस्त्या झाल्या की ती गाडी कोणालाच समजेनाशी होते.

माझं म्हणणं एवढंच, की आधी मोजा, मग बदला. आणि मोजायचं ते दिवा चालू ठेवून, म्हणजे वायरमधून खरा करंट वाहत असताना.

दिव्याच्या सर्किटमध्ये बिघाडाचे प्रकार तीनच असतात. वाट तुटलेली असते, म्हणजे वायर, फ्यूज किंवा फिलामेंट तुटलेलं. वाट भलतीकडे गेलेली असते, म्हणजे शॉर्ट. किंवा वाट अडलेली असते, म्हणजे गंजलेला, कार्बन धरलेला किंवा सैल सांधा. पहिले दोन लवकर कळतात, कारण दिवा लागतच नाही किंवा फ्यूज उडतो. तिसऱ्यात दिवा लागतो, पण मंद. जुन्या गाड्यांत हाच प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतो.

आधी गाडी काय सांगते ते लिहून काढा

हत्यारं हातात घेण्याआधी सगळे दिवे एकेक करून लावा आणि कागदावर नोंद करा. पार्किंग, डिपर (हेडलाइटचा खालचा झोत), अप्पर (वरचा झोत), दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, हॅझर्ड, ब्रेकलाइट, रिव्हर्स, नंबरप्लेट, डॅशबोर्ड. नंतर दोन-दोन एकत्र लावून पाहा: पार्किंग चालू असताना ब्रेक, ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटर. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत, आणि विचित्र बिघाडांचा सगळ्यात चांगला पुरावा तिथेच मिळतो.

मग नोंदीकडे पाहून विचार करा. एकाच बाजूचा एकच दिवा बंद असेल तर दोष त्या बल्बच्या, होल्डरच्या किंवा तिथल्या अर्थच्या (म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे जाणाऱ्या परतीच्या वाटेच्या) आसपास आहे. दोन्ही बाजूंचे एकाच कामाचे दिवे बंद असतील, तर दोष दोघांच्या सामाईक भागात शोधा: फ्यूज, स्विच, रिले (थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). एकाच कोपऱ्यातले सगळे दिवे मिळून विचित्र वागत असतील तर त्या कोपऱ्याचा अर्थ. नव्वद टक्के वायरिंग न उघडताच बाजूला पडते ती इथे.

लागणारं सामान

एक साधा टेस्ट लॅम्प (क्लिप आणि टोकदार सुई असलेला तपासणीचा छोटा बल्ब), एक डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्लिप असलेली तीन-चार मीटर वायर (तिच्यात १० अँपिअरचा फ्यूज बसवलेला असावा), बारीक पॉलिश पेपर, छोटा वायरब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्राम मिळवण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती वाया जात नाही. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांवर टर्मिनलला ठरलेले आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीची थेट लाइन, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी लाइन, ३१ म्हणजे अर्थ, ५६ हेडलाइट, ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ५८ पार्किंग. हे पाठ झाले की डायग्राम भराभर वाचता येतो.

कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी नक्की करा. गाडी १२ व्होल्टची आहे की ६ व्होल्टची? आणि बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलेलं आहे? काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक बॉडीला असतं. खाली मी १२ व्होल्ट आणि मायनस बॉडीला असं धरून लिहितो आहे.

हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. वायर कापायची किंवा स्विच उघडायचा असेल तेव्हा आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवा. मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, तो थेट शॉर्ट होतो. आणि ओहम मोजताना सर्किटमध्ये वीज असता कामा नये.

पायरी पहिली: बॅटरी आणि चार्जिंग

काही तास उभ्या असलेल्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन थोड्या चढ्या वेगावर चालू ठेवल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. त्या वेगालाही १३ च्या खालीच राहिलं तर चार्जिंग होत नाही, आणि मग दिव्यांकडे पाहण्यात अर्थ नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे. वारंवार बल्ब उडण्याची तक्रार असेल तर हा आकडा आधी पाहा.

मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. खांबावर एक आकडा आणि क्लॅम्पवर दुसरा आला, तर दोष त्या दोघांच्या मधेच बसलेला आहे.

काही जुन्या दुचाकींत हेडलाइटला वीज बॅटरीतून न येता थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून येते. तिथे इंजिन बंद असताना हेडलाइट लागणारच नाही आणि आयडलिंगला तो मंदच राहील. हा बिघाड नव्हे. अशा गाडीवर मोजताना मीटर एसीवर ठेवावा लागतो.

पायरी दुसरी: बल्ब, होल्डर आणि फ्यूज

बल्ब काढून उजेडात धरा. फिलामेंट तुटलेलं दिसलं तर प्रश्न मिटला. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर बल्ब लागत असला तरी म्हातारा झाला आहे. नुसत्या नजरेवर विसंबू नका, ओहमवर तपासा किंवा बॅटरीवर थेट लावून पाहा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. त्वचेचं तेल तिथे राहतं आणि तेवढी जागा जास्त तापून काच निकामी होते.

आता रिकामा होल्डर नीट पाहा, कारण बरेच बिघाड इथेच असतात. होल्डरच्या तळाशी स्प्रिंगवर बसलेली एक किंवा दोन पितळी टोकं असतात. पावसाळी हवेत ती काळवंडतात किंवा हिरवी होतात, आणि वर्षानुवर्षं तापून स्प्रिंगचा दम जातो. बल्बच्या तळाच्या शिशाच्या ठिपक्याकडेही पाहा. त्यावर खड्डा पडलेला असेल किंवा तो वितळून एका बाजूला सरकला असेल, तर संपर्क टोकाला टोक असा जेमतेम होत होता. बल्बचं पितळी अंग होल्डरच्या ज्या भिंतीला टेकतं तीच त्याची अर्थची वाट. ती भिंत गंजली असेल तर कितीही नवा बल्ब लावा, उजेड मंदच येणार. पॉलिश पेपरची सुरळी करून भिंत आतून घासा, टोकं चमकवा, स्प्रिंग हलकेच वर उचला, स्प्रे मारून पुसा.

मागच्या दिव्यात बहुतेक वेळा दोन फिलामेंटचा बल्ब असतो, २१ वॅट ब्रेकसाठी आणि ५ वॅट टेललाइटसाठी. याच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसावा. होल्डर झिजला असेल तर तो जबरदस्तीने उलटाही बसतो आणि मग टेललाइट झगझगीत, ब्रेकलाइट मिणमिणता असा प्रकार होतो. एक फिलामेंटचा बल्ब चुकून इथे बसवला तर त्याचा एकच मोठा ठिपका दोन्ही टोकांना एकत्र जोडतो आणि ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे लागतात.

फ्यूजच्या बाबतीत जुन्या गाड्यांना एक खास दुखणं आहे. दोन निमुळत्या टोकांचे चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे फ्यूज पितळी पट्ट्यांत नुसते अडकवलेले असतात. पट्टी नि फ्यूज यांच्यामध्ये थर साचतो. फ्यूज अखंड, तरी पलीकडे वीज नाही. तो बोटांनी जागच्या जागी फिरवून पाहा, दिवा लागला तर कारण सापडलं. पण तेवढ्यावर थांबू नका, सगळे फ्यूज काढून पट्ट्या घासा. काचेच्या फ्यूजमध्ये तार कधीकधी टोपीच्या आत तुटते आणि बाहेरून चांगली दिसते, म्हणून सर्किट चालू ठेवून टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावायची आणि त्याची सुई फ्यूजच्या दोन्ही टोकांवर एकेक करून टेकवायची. एका टोकावर लागतो आणि दुसऱ्यावर नाही, तर फ्यूज गेला.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदी कागद लावणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं. वायर जळते ती डॅशबोर्डच्या मागे, दिसत नाही अशा जागी. गाड्यांना आगी अशाच लागतात.

पायरी तिसरी: भार चालू ठेवून व्होल्टेज मोजा

या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगाची पायरी हीच आहे, म्हणून थोडं थांबतो.

समजा हेडलाइटच्या वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस गंजून तुटल्या आहेत. बल्ब काढून कनेक्टरवर मीटर लावला तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर नगण्य करंट घेतो आणि तेवढ्याला एक तारही पुरते. बल्ब लावला की त्याला साडेचार अँपिअर हवे असतात आणि व्होल्टेज कोसळतं. म्हणून बल्ब काढून घेतलेलं मोजमाप जुन्या गाडीत फसवतं. बल्ब जागेवर, दिवा चालू, आणि मीटरची टोकं कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत सरकवून मोजायचं.

एका मंद हेडलाइटचं उदाहरण घेऊ. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीच्या खांबांवर १३.८ व्होल्ट. बल्बच्या डिपर टर्मिनल आणि अर्थ टर्मिनल यांच्यामध्ये ११.४. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत हरवले. ऐकायला कमी वाटतं, पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. या हिशेबाने उजेड जवळपास निम्म्यावर आला.

आता हरवलेले व्होल्ट शोधायचे. मीटर व्होल्टवरच ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि काळं टोक बल्बच्या डिपर टर्मिनलवर लावा. समजा १.७ आले. हे येण्याच्या वाटेवरचं नुकसान. मग एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरं बल्बच्या अर्थ टर्मिनलवर. ०.७ आले. हे परतीच्या वाटेवरचं. दोन्हींची बेरीज २.४, हिशेब जुळला.

मग येण्याच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने पुढे सरका. लाल टोक बॅटरीच्या प्लसवरच राहू द्या, काळं पुढे न्या. लाइट स्विचच्या आत येणाऱ्या वायरवर ०.२. स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर ०.९. डिपर स्विचच्या पुढे १.१. फ्यूजच्या पुढे १.५. बल्बवर १.७. जिथे आकडा एकदम उडी घेतो तिथे दोष आहे: लाइट स्विचने ०.७ व्होल्ट खाल्ले आणि फ्यूजच्या पट्ट्यांनी ०.४. बाकीचा थोडाथोडा वायर आणि कनेक्टरमध्ये जातो. दोन्ही डिपरचे मिळून नऊ अँपिअरच्या वर त्या स्विचमधून जातात. ०.७ व्होल्ट गुणिले नऊ म्हणजे सहा वॅटहून जास्त उष्णता एवढ्याशा कॉन्टॅक्टवर. स्विचची मागची बाजू हाताला गरम लागते ती यामुळे, आणि त्याचं प्लॅस्टिक मऊ पडतं तेही यामुळेच.

साधारण मर्यादा सांगायची तर अर्थच्या बाजूला ०.२ आणि येण्याच्या बाजूला ०.५ व्होल्टपर्यंत चालवून घ्यावं. कमी असेल तितकं चांगलं.

पायरी चौथी: अर्थ

दिवा विचित्र वागतो आहे आणि कारण सुचत नाही, तर अर्थपासून सुरुवात करा. ब्रेक दाबला की दुसऱ्याच बाजूचा दिवा मंद पेटतो, इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच तालात लुकलुकतात, पार्किंग लावले की इंडिकेटर अर्धवट तेवतो. हे सगळं एकाच कारणाने होतं. त्या कोपऱ्याची अर्थची वाट तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट त्याच बल्बच्या टेल फिलामेंटमध्ये शिरतो, टेललाइटच्या वायरने उलटा जातो आणि पलीकडच्या दिव्यातून अर्थला पोचतो. वाटेत जे जे बल्ब येतील ते अर्धेमुर्धे पेटतात. स्विच बदलून हे कधीही सुटत नाही.

खात्री करणं सोपं आहे. क्लिपची लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्या होल्डरच्या धातूच्या अंगाला. सगळं एकदम ताळ्यावर आलं तर अर्थच गेला आहे.

मग डायग्रामवर त्या कोपऱ्याची अर्थची जागा शोधा. एक बोल्ट, त्याखाली दोन-तीन वायरींचे लग (टोकांच्या धातूच्या कड्या). बोल्ट काढलात की बऱ्याचदा लगच्या खाली रंगाचा थर दिसेल, कारण कधीतरी गाडी रंगवताना तो तसाच दाबून बसवलेला असतो. लग, बोल्ट आणि बॉडीचा तेवढा गोल लख्ख धातू दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा. वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा, पण आवळून झाल्यावर. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टीही पाहून घ्या.

ब्रेकलाइट आणि इंडिकेटर

दोन्ही ब्रेकलाइट बंद असतील तर फ्यूजनंतर पहिला संशय ब्रेक स्विचवर. तो पेडलजवळ असतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या लाइनवर दाबाने चालणारा असतो. त्याच्या दोन वायर एकमेकींना जोडून पाहा. दिवे लागले तर स्विच बदला. ऑइल लाइनवरचा स्विच बदलला तर ब्रेकची हवा काढावीच लागते.

इंडिकेटरचा वेग मिनिटाला ६० ते १२० लुकलुकींच्या दरम्यान असावा. एका बाजूला वेग बदलला तर त्या बाजूचा बल्ब गेला आहे किंवा त्याला पुरेसा करंट मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) अशा वेळी भराभर चालतो. जुना गरम होऊन चालणारा फ्लॅशर संथ होतो किंवा दिवा नुसता पेटलेला राहतो. दोन्ही बाजू बंद पण हॅझर्ड चालू, अशी स्थिती असेल तर इंडिकेटरचा फ्यूज आणि मग हॅझर्डचा स्विच पाहा. पुष्कळ गाड्यांत इंडिकेटरची लाइन हॅझर्डच्या स्विचमधून फिरून येते आणि वर्षानुवर्षं न वापरल्याने त्याच्या आत थर जमतो. तो वीसेक वेळा दाबून-सोडून पाहा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर

नवे फ्यूज लावत बसू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायर जोडून २१ वॅटचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटेल, पण दोनेक अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ देणार नाही, म्हणून काही जळत नाही. आता त्या सर्किटवरचे बल्ब काढून घ्या, म्हणजे त्यांचा भार गोंधळ घालणार नाही. मग एकेक कनेक्टर सोडवत जा. ज्याला सोडवल्यावर बल्ब विझतो, शॉर्ट त्याच्या पुढे आहे. शेवटी तो तुकडा हाताने हलवत, वाकवत पुढे सरका.

जागा ठरलेल्या असतात: डिकीची आणि दाराची बिजागरी, पत्र्याच्या भोकातलं रबर निघालेली जागा, स्टिअरिंगच्या खांबाजवळची गुंडाळी, सायलेन्सरजवळून गेलेली वायर, आणि मागे जोडलेला ट्रेलरचा सॉकेट. कधी लागतो कधी नाही अशा दिव्यालाही हाच उपाय: दिवा चालू ठेवून कोणाला तरी त्याच्याकडे पाहायला सांगा आणि तुम्ही हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा.

दुरुस्ती टिकेल अशी करा

दोन वायर पिळून वर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे, तो पुढचा बिघाड आहे. वायर चांगलं, चमकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापा. तांबं आतपर्यंत काळं असेल तर तो पूर्ण तुकडा बदला. योग्य मापाचा टर्मिनल चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबा, किंवा सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घाला. सोल्डर केलेली वायर त्या जागी कडक होते, म्हणून हलणाऱ्या भागापासून दूर बांधून टाका. नवी वायर मूळच्याच रंगाची आणि तितक्याच जाडीची हवी.

हेडलाइटच्या स्विचमध्ये व्होल्ट हरवत असतील तर रिले बसवणं हा सर्वांत चांगला बदल आहे. डिपरला एक आणि अप्परला एक. बॅटरीपासून फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० वर, ८७ वरून बल्बला, ८५ अर्थला आणि ८६ ला जुन्या स्विचची वायर. फ्यूज बॅटरीपासून शक्य तितका जवळ हवा. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे अँपिअरचा छोटासा अंश जातो आणि जुना स्विचही वाचतो.

मंद दिव्यावर उपाय म्हणून १०० वॅटचे बल्ब लावू नका. अडलेल्या वाटेतून जास्त करंट ओढला की स्विच आणि कनेक्टर आणखी तापतात. फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला तर उजेड नेमका पडत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अनेक देशांत ते नियमांतही बसत नाही.

काम झालं की तिसऱ्या पायरीतली मोजमापं पुन्हा घ्या आणि नवे आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. मग अंधारात सगळे दिवे एकदम लावून वीस मिनिटं चालू ठेवा आणि फ्यूजबॉक्स, स्विच, कनेक्टर यांवरून हात फिरवा. एखादी जागा गरम लागली तर तिथे अजून रोध आहे. हेडलाइटचा उजेड वाढला असेल तर त्याची उंची भिंतीवर तपासून जुळवा, आणि तुम्ही टाकलेली प्रत्येक नवी वायर, रिले आणि फ्यूज डायग्रामवर शाईने काढून तो कागद गाडीतच ठेवा.